पॉवर स्टिअरिंगचा पंप काढला तर बेल्ट कसा फिरवायचा? आधी वाचा हा पंप देणाऱ्या फ्रान्सिस डेव्हिस यांची गोष्ट

जुन्या गाडीचा पॉवर स्टिअरिंग पंप गळायला लागला की गॅरेजमध्ये दोन सल्ले मिळतात. पहिला, पंप बदला. दुसरा, पंप काढूनच टाका, लहान बेल्ट बसवा आणि चालवा. दुसरा सल्ला स्वस्त असतो, म्हणून अनेकांना तोच पटतो. पण पंप काढल्यावर इंजिनचा बेल्ट नव्या वाटेने कसा न्यायचा? त्यात चूक झाली तर काय बिघडतं? आणि मुळात हा पंप गाडीत आला कशासाठी?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर एका माणसाच्या आयुष्यात सापडतं. त्याचं नाव फ्रान्सिस डब्ल्यू. डेव्हिस. वाहन उद्योगात त्यांना पॉवर स्टिअरिंगचे जनक मानलं जातं. गंमत म्हणजे पंप काढताना आपण जो खर्चाचा हिशेब करतो, त्याच हिशेबाने त्यांचा शोध जवळपास २५ वर्षं बाजाराबाहेर ठेवला होता.

हायवेवर हलकं, बाजारात जड: असं का?

अमरावती ते अकोला हा राष्ट्रीय महामार्ग ५३ चा पट्टा आठवा. जून २०२२ मध्ये याच मार्गावर ७५ किलोमीटर लांबीच्या एका लेनचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत पूर्ण झालं आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. या रस्त्यावर पंप काढलेली गाडी चालवून पाहिली, तर फारसा फरक जाणवणार नाही. स्टिअरिंग थोडं जड लागेल, एवढंच.

पण तीच गाडी अकोल्यात टिळक रोडवरच्या गर्दीत किंवा अमरावतीत राजकमल चौकाजवळ पार्क करायला घ्या. खांदे भरून येतील. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना प्रत्येक वळणावर दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढावं लागेल.

कारण साधं आहे. चाक फिरत असतं तेव्हा टायरचा जमिनीला टेकलेला भाग सतत बदलत असतो, त्यामुळे दिशा बदलायला कमी जोर लागतो. गाडी उभी असताना मात्र तोच रबर जागच्या जागी जमिनीवर घासून वळवावा लागतो. पुढे डिझेल इंजिनाचं वजन असेल आणि टायर रुंद असतील, तर जोर आणखी वाढतो.

एसटीच्या जुन्या बसचं ते भलंमोठं स्टिअरिंग आठवतं का? स्टँडवर बस वळवताना ड्रायव्हर सीटवरून अर्धा उठून ते ओढायचा. पॉवर स्टिअरिंग येण्याआधी उपाय तेवढाच होता. स्टिअरिंगचं चाक मोठं करायचं आणि जास्त फेरे मारायचे. डेव्हिस यांना नेमकी हीच गोष्ट खटकली होती.

कोण होते फ्रान्सिस डेव्हिस?

डेव्हिस यांचा जन्म १९ ऑगस्ट १८८७ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फियात झाला. हार्वर्ड विद्यापीठात शिक्षण घेऊन ते पिअर्स-अ‍ॅरो या कंपनीत दाखल झाले. न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहरातली ही कंपनी त्या काळातल्या सर्वांत महागड्या मोटारींसाठी ओळखली जायची. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या ताफ्यातही तिच्या गाड्या असत.

पण डेव्हिस यांचं काम श्रीमंतांच्या मोटारींपेक्षा ट्रकशी जास्त होतं. ते कंपनीच्या ट्रक विभागात मुख्य अभियंता झाले. पहिल्या महायुद्धात पिअर्स-अ‍ॅरोचे ट्रक मोठ्या संख्येने युरोपात गेले. चिखलात, खड्ड्यांत माल भरलेला ट्रक वळवणं म्हणजे अंगमेहनतीचं काम होतं. चाक खड्ड्यात गेलं की त्याचा धक्का थेट स्टिअरिंगवर यायचा आणि चालकाच्या हातातून ते हिसकलं जायचं.

युद्धानंतर अडचण मोटारींपर्यंत पोहोचली. १९२० च्या दशकात कमी हवेचे, रुंद, म्हणजे बलून टायर आले. प्रवास आरामाचा झाला, पण रुंद टायर जमिनीला जास्त टेकत असल्याने स्टिअरिंग जड झालं. गाड्यांचं वजनही वाढत होतं.

असा प्रश्न सुचणारे डेव्हिस पहिले नव्हते. १९०३ मध्येच कोलंबिया कंपनीच्या एका मोठ्या ट्रकला स्टिअरिंगच्या मदतीसाठी विजेची मोटार लावली गेली होती. १९०० मध्ये रॉबर्ट ट्वायफोर्ड यांनी इंजिनाच्या ताकदीवर चाकं वळवण्याच्या यांत्रिक व्यवस्थेचं पेटंटही मिळवलं होतं. पण रोजच्या गाडीत टिकेल, परवडेल आणि चालकाला भरवसा वाटेल, असं काही तयार झालं नव्हतं.

नोकरी सोडली, वर्कशॉप घेतलं

१९२२ मध्ये डेव्हिस यांनी पिअर्स-अ‍ॅरोची नोकरी सोडली. वय ३५ च्या आसपास. हातात मुख्य अभियंत्याचं पद होतं आणि पुढे काय होईल याची खात्री नव्हती. बॉस्टनजवळच्या वॉल्थम गावात त्यांनी वर्कशॉपसाठी जागा भाड्याने घेतली. सोबतीला जॉर्ज जेसप हे कसबी यंत्र कारागीर होते. मोठी प्रयोगशाळा किंवा मोठा फौजफाटा नव्हता. आपल्याकडे एखादा इंजिनिअर आणि एखादा जुना मिस्त्री मिळून लेथवर काहीतरी घडवतात, तसाच हा प्रकार होता.

डेव्हिस यांनी वीज किंवा दाबाची हवा यांच्याऐवजी तेल निवडलं. तेल दाबलं तरी जवळपास आकसत नाही, त्यामुळे कमी जागेत मोठा जोर देता येतो. शिवाय खड्ड्याचा धक्का तेलात जिरतो.

पण अडचण वेगळीच निघाली. त्या वेळच्या हायड्रॉलिक यंत्रांमध्ये तेल कायम दाबाखाली ठेवलं जायचं. गरज लागली की झडप उघडायची आणि दाबाचं तेल काम करायचं. कारखान्यातल्या प्रेसला हे चालतं, गाडीत नाही. सतत दाब म्हणजे सतत गळती, गरम होणारं तेल आणि इंजिनावर विनाकारण भार.

खरा शोध कोणता?

डेव्हिस यांनी विचार उलटा केला. झडप बंद ठेवून दाब साठवण्याऐवजी त्यांनी ती उघडी ठेवली.

म्हणजे काय? इंजिन चालू आहे आणि गाडी सरळ जाते आहे. पंप तेल ढकलतो, ते उघड्या झडपेतून जातं आणि परत टाकीत येतं. कुठे अडथळा नाही, त्यामुळे दाब नगण्य. चालकाने स्टिअरिंग थोडं फिरवलं की झडप थोडी सरकते, एका बाजूची वाट अरुंद होते आणि तेवढ्यापुरताच दाब तयार होतो. तो दाब पिस्टनला ढकलतो आणि पिस्टन चाकांना. हात थांबला की झडप पुन्हा मध्यावर येते आणि दाब उतरतो.

आजच्या हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगमध्येही हेच तत्त्व आहे. चालकाच्या हाताला किती जोर लागतो, त्यावर यंत्राची मदत ठरते. हायवेवर सरळ जाताना पंप जवळपास रिकामा फिरतो. बाजारात गाडी लावताना तोच पंप पूर्ण ताकदीने काम करतो आणि इंजिनाचा आवाज किंचित खाली बसतो. तो आवाज तुम्ही ऐकला असेल. त्या क्षणी बेल्टवर सर्वांत जास्त ताण येतो. गळक्या, ढिल्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर बेल्ट किंचाळतो, त्याचं कारण हेच.

अशी व्यवस्था डेव्हिस यांनी स्वतःच्या १९२१ च्या पिअर्स-अ‍ॅरो गाडीत बसवली. १९२५ मध्ये ती रस्त्यावर धावत होती.

डेट्रॉइटची वारी

१९२५ च्या ऑक्टोबरमध्ये ही गाडी मोटार उद्योगाच्या राजधानीत, डेट्रॉइटमध्ये पोहोचली. मोठ्या कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना प्रात्यक्षिकं दाखवली गेली. अवजड गाडी कमी श्रमात वळते, हे स्टिअरिंग हातात धरल्यावर कोणालाही कळत होतं. १९२६ मध्ये जनरल मोटर्सने डेव्हिस यांच्याशी करार केला.

इथून पुढे सगळं सुरळीत व्हायला हवं होतं. जगातली एक बलाढ्य मोटार कंपनी पाठीशी होती, यंत्र चालत होतं. डेव्हिस यांनी कंपनीच्या अभियंत्यांसोबत काही वर्षं ते सुधारलं. ते महागड्या कॅडिलॅक गाड्यांत येणार, असं ठरलं होतं.

खर्चाच्या हिशेबात शोध अडकला

१९२९ च्या अखेरीस अमेरिकेत मंदी आली आणि महागड्या मोटारींचं गिऱ्हाईक आटलं. पॉवर स्टिअरिंगचे भाग बनवायचे, तर साचे आणि यंत्रं लागणार होती. तो खर्च हजारो गाड्यांवर वाटला तर परवडला असता. पण कॅडिलॅक विकल्या जाणारच थोड्या. जनरल मोटर्सने आकडेमोड केली आणि हे महाग पडतं, असं ठरवलं. १९३४ मध्ये करार संपला.

डेव्हिस तेव्हा ४७ व्या वर्षाकडे झुकले होते. नोकरी सोडून १२ वर्षं झाली होती. यंत्रात दोष निघाला म्हणून ते नाकारलं गेलं असतं, तर दुरुस्ती करता आली असती. इथे दोष यंत्रात नव्हताच.

इथे जरा थांबून आपल्या गॅरेजकडे पाहू. पंप बदलायला इतके हजार, काढायला इतके शे. हायवेवर तर फरकही पडत नाही, मग कशाला? हा तोच हिशेब आहे. तो चुकीचाच असतो, असं नाही. जुन्या, हलक्या गाडीत तो बरोबरही असू शकतो. पण त्या हिशेबात फक्त पंपाची किंमत धरली जाते, पंप जे काम करत होता त्याची नाही.

युद्धाने संधी दिली

डेव्हिस थांबले नाहीत. १९३६ मध्ये त्यांनी बेंडिक्स या कंपनीशी करार केला. ही कंपनी ब्रेक आणि इतर सुटे भाग बनवण्यासाठी प्रसिद्ध होती. काही नमुना संच तयार झाले. गंमत अशी की त्यांतले काही चाचणीसाठी पुन्हा जनरल मोटर्सकडेच, ब्युइक गाड्यांसाठी गेले. पण तेवढ्यात दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि मोटारींची योजना बाजूला पडली.

मात्र युद्धालाच या शोधाची गरज होती. चिलखती गाड्यांचं वजन इतकं असतं की नुसत्या हाताने त्या झटपट वळवणं कठीण. गोळीबारात वळायला दोन सेकंद जास्त लागले, तर जीव जातो. ब्रिटिश लष्करासाठी शेवरोलेने बनवलेल्या चिलखती गाड्यांत पॉवर स्टिअरिंग बसवलं गेलं. पुढे अमेरिकन लष्कराच्या अवजड वाहनांतही ते आलं. युद्ध संपेपर्यंत डेव्हिस यांच्या पद्धतीचं स्टिअरिंग असलेली लष्करी वाहनं १० हजारांच्या वर गेली होती.

ट्रकचा धक्का हातावर बसतो, या निरीक्षणातून जन्मलेली कल्पना दोन दशकांनी पुन्हा अवजड वाहनांतच सिद्ध झाली.

१९५१: शोध बाजारात, पेटंट संपलेलं

मोटारीत पॉवर स्टिअरिंग पहिल्यांदा विक्रीला आणलं ते क्रायस्लरने. १९५१ च्या इम्पीरियल मॉडेलमध्ये हायड्रागाइड या नावाने. त्यामागे डेव्हिस यांच्याच जुन्या पेटंटमधल्या कल्पना होत्या. फक्त त्या पेटंटची मुदत संपली होती. त्या काळी अमेरिकेत पेटंट मंजूर झाल्यापासून १७ वर्षं टिकायचं. १९२० च्या दशकातला शोध १९५१ मध्ये बाजारात आला, तेव्हा त्याचं कुंपण पडलेलं होतं. कोणीही तो वापरू शकत होतं.

क्रायस्लरने बाजी मारल्यावर जनरल मोटर्सला जाग आली. १९५२ च्या कॅडिलॅकमध्ये पॉवर स्टिअरिंग दिलं गेलं, आणि त्याचा पाया डेव्हिस यांनी जवळपास २० वर्षांपूर्वी याच कंपनीसाठी केलेल्या कामाचा होता. तोवर त्यांनी ज्या कंपनीतून सुरुवात केली, ती पिअर्स-अ‍ॅरो १९३८ मध्येच बंद पडली होती.

डेव्हिस तेव्हा साठी ओलांडलेले होते. पण आपला शोध लाखो गाड्यांत फिरताना पाहायला ते पुढे बराच काळ होते. १६ एप्रिल १९७८ रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

भारतात हा बदल खूप उशिरा पोहोचला. अ‍ॅम्बेसेडर, प्रीमियर पद्मिनी, सुरुवातीच्या मारुती ८०० आणि जुन्या जीप पॉवर स्टिअरिंगशिवायच धावल्या. नंतर आलेल्या अनेक एसयूव्ही, पिकअप आणि मोटारींत बेल्टवर चालणारा हायड्रॉलिक पंप आला. आज गॅरेजमध्ये तोच पंप काढायचा प्रश्न येतो.

आता बेल्टकडे वळू

बेल्टचं गणित वऱ्हाडाला नवीन नाही. जुन्या जिनिंग फॅक्टरीत एकच इंजिन असायचं. त्यावरून छताखालच्या लांब शाफ्टला पट्टा, आणि शाफ्टवरून प्रत्येक जिनला वेगळा पट्टा. गाडीच्या इंजिनासमोर तोच खेळ लहान जागेत चालतो. खालची मोठी पुली म्हणजे क्रँक पुली. ती अल्टरनेटर, पाण्याचा पंप, एसीचा कॉम्प्रेसर आणि पॉवर स्टिअरिंगचा पंप यांना फिरवते.

तुमच्या गाडीत दोनपैकी एक व्यवस्था असेल.

पहिली, वेगवेगळे व्ही-बेल्ट. जुन्या जीप आणि पिकअपमध्ये ही जास्त दिसते. स्टिअरिंगच्या पंपाला स्वतंत्र बेल्ट असेल, तर पंपासोबत तो काढा, बाकी काही हलवावं लागत नाही. पण एक पाहा. काही इंजिनांत पंप सरकवूनच बेल्टचा ताण ठरवतात. त्याच बेल्टवर दुसरं काही फिरत असेल, तर पंप गेल्यावर ताण देणारी सोयही जाते. तिथे ताण देता येईल अशी दुसरी पुली लावावी लागते.

दुसरी, एकच लांब, आतून बारीक खाचांचा सर्पेंटाइन बेल्ट. तो सगळ्या पुलींमधून नागमोडी जातो आणि एक स्प्रिंगचा टेन्शनर त्याला ताठ ठेवतो. खरी डोकेदुखी इथेच.

बेल्ट नव्या वाटेने नेताना पाच गोष्टी तपासा

१. जुनी वाट आधी नोंदवा. बेल्ट सोडण्यापूर्वी मोबाइलवर दोन-तीन बाजूंनी फोटो घ्या. बॉनेटखाली बेल्टच्या वाटेचं स्टिकर असेल तर त्याचाही घ्या. इंजिन बंद, चावी बाहेर, बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटलेली, मगच हात घाला.

२. प्रत्येक पुलीची दिशा तीच राहिली पाहिजे. हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. नागमोडी वाटेत बेल्टची खाचांची बाजू काही पुलींवर असते, तर पाठ काहींवर. पाठीवर फिरणारी पुली उलट्या दिशेने फिरते. अनेक इंजिनांत पाण्याचा पंप असा पाठीवर चालतो. पंप काढून बेल्ट सरळ खेचला आणि पाण्याच्या पंपावर खाचांची बाजू आली, तर तो उलटा फिरेल. बाहेरून सगळं ठीक दिसेल, बेल्ट फिरत असेल, पण इंजिनातून पाणी नीट वाहणार नाही. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा दुपारी मूर्तिजापूरपर्यंत पोहोचण्याआधीच इंजिन तापलेलं असेल, आणि हेड गॅस्केट गेलं तर वाचवलेल्या पैशांच्या कैकपट खर्च येईल. इंजिनिअरिंगच्या परीक्षेत बेल्ट ड्राइव्हची गणितं आम्हीही सोडवली, पण दिशेची ही चूक कागदावर कधी दिसली नव्हती. ती इंजिनासमोर उभं राहिल्यावरच कळते.

३. वेढा पुरेसा हवा. बेल्ट पुलीला जितका जास्त गुंडाळलेला, तितकी पकड जास्त. स्टिअरिंगचा पंप मध्ये असल्यामुळे बेल्ट शेजारच्या अल्टरनेटरला छान वेढा घालत असेल. पंप गेला की तोच बेल्ट अल्टरनेटरला जेमतेम चाटून जाईल. मग रात्री हेडलाइट, पंखा आणि एसी एकदम चालू केले की बेल्ट घसरेल. अनेक जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच मागे जोडलेला असतो. तिथे बेल्ट घसरला किंवा सुटला, तर फक्त बॅटरीच उतरत नाही, ब्रेकही जड होतो.

४. लांबी मोजून घ्या, अंदाजाने नाही. नव्या वाटेने सुतळी फिरवा, टेन्शनर त्याच्या हालचालीच्या साधारण मध्यावर धरा आणि सुतळी मोजा. सर्पेंटाइन बेल्टवर लिहिलेल्या क्रमांकात दोन गोष्टी असतात. उदाहरणार्थ ६पीके१२३० म्हणजे सहा खाचा आणि १२३० मिलिमीटर लांबी. खाचांची संख्या तीच ठेवा, लांबी नव्या मापाची घ्या. टेन्शनर अगदी शेवटच्या टोकाला जाऊन टेकत असेल, तर बेल्ट चुकीचा आहे.

५. पुली एका रेषेत हव्यात. एखादी पुली थोडी पुढे-मागे असली तरी बेल्टची कड झिजते, धागे सुटतात आणि किरकिर सुरू होते. सरळ पट्टी किंवा ताणलेला दोरा पुलींवर टेकवून पाहा.

आणि हो, या सगळ्यात टायमिंग बेल्टला हात लावायचा नाही. तो कव्हरच्या आत असतो, त्याचं काम वेगळं. तो एक दातही सरकला तर इंजिनाचं मोठं नुकसान होऊ शकतं.

मग सोपा मार्ग कोणता?

पंपाच्या जागी, त्याच ब्रॅकेटवर, साधारण तेवढ्याच व्यासाची मोकळी फिरणारी पुली बसवणं. तिला आयडलर म्हणतात. आयडलर कोणतंही यंत्र चालवत नाही, फक्त बेल्टला जुनी वाट देतो. त्यामुळे बेल्ट तोच, दिशा तीच, वेढा तोच. फक्त आयडलरची बेअरिंग चांगली हवी आणि ब्रॅकेट पक्का. बेल्ट नव्या वाटेने नेण्याआधी मिस्त्रीला हा पर्याय विचारा.

काम झाल्यावर इंजिन चालू करून लगेच निघू नका. १५-२० मिनिटं उभ्या गाडीत सगळे दिवे, पंखा आणि एसी लावून पाहा. तापमानाचा काटा, बॅटरीचा दिवा आणि बेल्टचा आवाज या तिन्हींवर लक्ष ठेवा.

बेल्ट जमला, पण स्टिअरिंगचं काय?

इथे डेव्हिस यांची उघडी झडप पुन्हा आठवा. पंप काढला तरी स्टिअरिंग बॉक्समध्ये पिस्टन आणि तेलाच्या वाटा राहतातच. त्या दोन्ही पाइपांची तोंडं बोल्ट ठोकून बंद केली, तर आतलं तेल अडकतं, आणि चाक वळवताना तेच तेल विरोध करतं. म्हणून तात्पुरता उपाय करताना जाणारी आणि येणारी वाट एकमेकींना जोडतात, म्हणजे तेल इकडून तिकडे सरकू शकतं.

तरीही स्टिअरिंग साध्या गाडीइतकं हलकं होत नाही. पॉवर स्टिअरिंगचा बॉक्स मदत मिळणार असं धरून कमी फेऱ्यांचा बनवलेला असतो. मदत गेली की कमी फेरे म्हणजे जास्त जोर. कायमचा पंप काढायचाच असेल, तर त्या मॉडेलसाठी कंपनीने बनवलेला साधा, जास्त फेऱ्यांचा बॉक्स मिळतो का, ते पाहणं योग्य. नुसता पंप काढून पॉवर बॉक्सवर वर्षानुवर्षं गाडी चालवणं म्हणजे अर्धंच काम.

घरात तीच गाडी आई, वडील किंवा नवीन शिकणारा चालवत असेल, तर एवढा जोर त्यांना अचानक वळण घेताना जमेल का, हाही प्रश्न विचारा.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाहनातल्या फेरफारांबद्दल आहे. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेपेक्षा नोंदणीतला तपशील वेगळा होईल, असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच मुद्दा स्पष्ट केला. स्टिअरिंग हा सुरक्षेशी थेट जोडलेला भाग आहे. त्यामुळे कायमचा बदल करण्यापूर्वी आरटीओ आणि विमा कंपनी, दोन्हीकडे विचारून घेतलेलं बरं. अपघातानंतर दाव्याच्या वेळी हा प्रश्न निघण्यापेक्षा आधी निघालेला चांगला.

आता पंपाचे दिवस किती?

नव्या बहुतेक मोटारींत बेल्टवर चालणारा हा पंपच नाही. १९८८ मध्ये सुझुकीने सर्व्हो या छोट्या गाडीत विजेच्या मोटारीवर चालणारं स्टिअरिंग आणलं आणि हळूहळू तीच पद्धत रुळली. त्यात तेल नाही, पंप नाही, त्याचा बेल्ट नाही. पण हाताला किती जोर लागतो हे ओळखून तेवढीच मदत करायची, हे तत्त्व तिथेही कायम आहे.

म्हणून गॅरेजवाल्याने पंप काढून टाकू का, असं विचारलं तर होकार देण्याआधी तीन प्रश्न विचारा. पाण्याच्या पंपाची दिशा तीच राहणार का? अल्टरनेटरला वेढा पुरतो का? आणि स्टिअरिंग बॉक्सचं काय करणार? तिन्हींची नीट उत्तरं मिळाली नाहीत, तर नवा किंवा दुरुस्त केलेला पंपच स्वस्त पडतो. जनरल मोटर्सने १९३४ मध्ये फक्त बसवण्याचा खर्च मोजला होता. १७ वर्षांनी क्रायस्लर पुढे गेली, तेव्हा न बसवण्याची किंमत तिला कळली.